रंग पोरीनं सांगायचा

“कलर सांग डिकरा, कलर,” मिस पेरीन म्हणाल्या. “बाकीचा सगळा मी बघते.”

मी भिंतीला टेकून बसले होते. मिस पेरीन समोर सतरंजीवर, फुलाफुलांचा फ्रॉक गुडघ्यांवर ओढत बसल्या होत्या. खडकीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये फ्रॉक घातलेली साठीची बाई कधी आली नव्हती, त्यामुळे भेटायला आलेल्या शेजारणी रडणं बाजूला ठेवून त्यांच्या पोटऱ्यांकडे बघत होत्या. कोपऱ्यात पिठावर दिवा तेवत होता. आई जाऊन आठवडाही झाला नव्हता.

“काहीही चालेल,” मी म्हटलं.

“काहीही नावाचा कलर नाय असते.”

शेजारणींपैकी एक फिसकन हसली आणि तिनं घाईघाईनं पदर तोंडाला लावला.

मी तेव्हा नववीत होते. आई कॅम्पातल्या एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती आणि त्याच शाळेच्या हॉलमध्ये मिस पेरीन संध्याकाळी बॅले शिकवायच्या. लहान असताना मी शाळा सुटली की आईच्या ऑफिसात जाऊन बसायचे आणि तिथल्या सगळ्यांचं डोकं खायचे. ते चुकवायला म्हणून तिनं मला एक दिवस त्या हॉलमध्ये ढकललं. सुरुवात ही एवढीच. पुढे माझ्यापेक्षा तीच त्याच्या नादी लागली. काम आटोपलं की हॉलच्या दाराशी येऊन उभी राहायची, आणि बसमध्ये मला माझ्या चुका सांगायची. तिला स्वतःला साधी फुगडी घालता यायची नाही. पण माझा गुडघा वाकला की तिला बरोबर दिसायचा.

बॅलेची परीक्षा घ्यायला विलायतेहून एक बाई यायची, दोन वर्षांतून एकदा. नाचापेक्षा कपड्यांचे नियम कडक. लिओटार्ड म्हणजे पोहण्याच्या पोशाखासारखा अंगाला घट्ट बसणारा एक कपडा. तो नियमाप्रमाणे नसेल तर दारातूनच परत. खालच्या परीक्षांना त्याचा रंग ठरलेला असायचा, आधी गुलाबी, मग आकाशी. या परीक्षेपासून मात्र रंग मुलीनं स्वतः निवडायचा. आम्हा दोघींना त्याचं फार अप्रूप होतं. आई वर्षभर विचारत होती, “मग? काय ठरलं बाईसाहेबांचं?” मी म्हणायचे, “सांगते नंतर.” तिचा आवडता रंग मरून. आमच्या घरातले पडदे मरून, उशांचे अभ्रे मरून, तिचं स्वेटर मरून. पण मला तिनं कधी काही सुचवलं नाही. नुसतं विचारायची आणि मी नुसती टाळायचे.

आणि मग ऑफिसातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या तिच्या मेंदूतली शीर फुटली. शिपायाला वाटलं, मॅडमना डुलकी लागलीय.

मी रडले नाही. याची चर्चा आमच्या घरात माझ्यासमोरच चालायची. “पोरीनं टिपूस काढला नाही,” असं आलेल्या प्रत्येकीला सांगितलं जायचं आणि मग ती बाई माझं डोकं छातीशी दाबून स्वतःच हंबरडा फोडायची. मला तिच्या साडीचा वास यायचा, तिची मंगळसूत्राची वाटी गालाला टोचायची, बाकी काही व्हायचं नाही. आत काहीच हलत नव्हतं. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो ना, बोट लावलं तर दुसऱ्याच्या पायाला लावल्यासारखं वाटतं, तशी मी अख्खीच झाले होते. पुढ्यात ताट आलं की जेवायचे. झोप म्हटलं की आडवी व्हायचे.

“बघ, एक्झाम आता हुकली तर दोन वर्सांनी,” मिस पेरीन मला समजावत होत्या. “तेव्हा तू कॉलेजमध्ये असशील. तुला कोण आणून सोडेल हॉलवर? मग खलास. शैलानं एवढा केला तुझ्यासाठी.” शैला म्हणजे आई. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “जुना ब्लू तुला होते का?”

“नाही होत.”

खरंच होत नव्हता. वर्षभरात मी ताडमाड वाढले होते. ही परीक्षा गेली की बॅले संपलं आणि नियमाप्रमाणे कपडा नसेल तर परीक्षा गेलीच, हे सगळं मला नीट समजत होतं. शेजारच्या घरातली भांडणं भिंतीतून ऐकू येतात तसं समजत होतं.

“कसला कपडा म्हणतात या?” इंदूआत्यानं विचारलं. ती पप्पांची थोरली बहीण. आई गेली त्या दिवशी जुन्नरहून आली आणि तेव्हापासून घर तिच्या हातात होतं.

मी हातानं खुणेनं दाखवलं, इथून इथपर्यंत.

“म्हणजे बनियन,” आत्या म्हणाली. मग मिस पेरीनकडे वळून, पण जरा मऊ आवाजात, “बाई, तुम्ही मायेनं आलात, बरं वाटलं. पण घरात सुतक आहे. आणि सुतक फिटलं तरी दुखवटा आल्याशिवाय कोरं कापड अंगाला लावत नाहीत आमच्यात.”

“दुखवटा काय असते?”

“सोयऱ्यांनी कपडे आणायचे तेराव्याला. ते घातले की मग घर शोकातनं बाहेर पडतं.”

मिस पेरीननी मनातल्या मनात हिशेब केला. परीक्षा तेराव्याच्या आधी होती. “मग कोणाचा जुना घेऊन देऊ? मोठ्या मुली हायेत माझ्याकडे.”

“दुसऱ्याच्या अंगावरचं तर मुळीच नको. ना द्यायचं, ना घ्यायचं. त्या पोरीला कशाला आमचं विघ्न?”

मिस पेरीननी फ्रॉक सारखा केला. मग माझ्या गालाला हात लावून उठल्या. उठताना दोघींनी हात दिला. दारात जाऊन म्हणाल्या, “अच्छा, येते हां परत.” सगळ्या शेजारणींनी एकदम माना खाली घातल्या. मयताच्या घरातून निघताना ‘येते’ म्हणत नाहीत, मुकाट निघायचं असतं. आत्यानं कपाळाला हात लावला. “जाऊ दे,” ती म्हणाली, “बाईला काय ठाऊक.”

संध्याकाळी पप्पांपुढे विषय निघाला. पप्पा दारूगोळ्याच्या कारखान्यात फोरमन होते. तिथं जपून हालचाल करायची, जपून बोलायचं, तसंच ते घरीही वागायचे. आई गेल्यापासून तर तेवढंही बोलत नव्हते.

“दिनकर, तू सांग बाबा काय ते,” आत्या म्हणाली.

“वैजूला काय पाहिजे ते बघू,” पप्पा म्हणाले.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

“काहीही चालेल,” मी म्हटलं.

आत्यानं पप्पांकडे असं बघितलं की, झालं समाधान? आणि भात उतरवायला आत गेली. तिच्यावर मला राग आला नाही. बरंच वाटलं असावं. परीक्षा नाही म्हणजे कुणी काही विचारायला नको.

दहाव्याला सुदाममामा पुन्हा आला. आईचा धाकटा भाऊ. भोरजवळच्या गावात त्याची पिठाची गिरणी आहे. माणूस कितीही अंघोळ करू दे, त्याच्या भुवयांत थोडं पीठ राहतंच. मी एकुलती एक, म्हणून मलाही नदीवर नेलं. आत्या आली, चुलते आले. भटजींनी पिंड मांडले, पप्पांनी तीळ सोडले आणि सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघत उभे राहिले.

कावळे होते. समोर बाभळीवर हारीनं बसले होते. एकही खाली येईना.

पिंडाला कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची इच्छा राहिलीय, असं धरतात. मग नातेवाइकांनी पुढे होऊन शब्द द्यायचा. पप्पा पुढे झाले. “वैजूला सांभाळीन,” म्हणाले. त्यांचा आवाज फुटला. कावळे तिथंच. आत्या पुढे झाली. “घराची काळजी करू नको शैला, मी आहे. दिवाळीपर्यंत हलत नाही.” कावळे तिथंच. चुलत्यांनी गावाकडच्या तुळशीवृंदावनाचं काहीतरी कबूल केलं. एक कावळा उडाला, पण तो उलट्या दिशेला गेला. ऊन चढायला लागलं. भटजी सारखे घड्याळ बघत होते. मी माझ्या पायांकडे बघत होते. चप्पल ओल्या मातीत रुतत होती आणि मी ती काढून पुन्हा रुतवत होते.

मामा इतका वेळ मागे उभा होता. तो एकदम पाण्यापर्यंत चालत गेला.

“ताई,” तो म्हणाला, फोनवर बोलावं तशा चढ्या आवाजात. “पोरगी परीक्षेला जाईल. आन् रंग तीच सांगेल. दुसरं कुणी सांगणार न्हाय. मी बघतो.”

आता यावर कुणी काही म्हणो. शेजारी मांडलेले दुसऱ्यांचे पिंड तोवर संपले असतील, किंवा कावळ्यांना ऊन लागलं असेल. पण बाभळीवरचा एक कावळा खाली आला, दोन उड्या मारून पुढे सरकला आणि त्यानं भाताला चोच लावली.

“शिवला!” भटजी म्हणाले आणि सामान आवरायला लागले. आत्या हात जोडून रडायला लागली. पप्पांनी डोळे मिटले. मला काही वाटलं नाही. मामा मागे वळला, माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “फोनवर सारखी तेच सांगायची गं. सुदाम, यंदा रंग पोरगी सांगणार हाय. दुसरं काय बोलणंच न्हाय.”

घरी आल्यावर आत्या म्हणाली, “शब्द दिलाय म्हटल्यावर परीक्षेला जाऊ दे. माझी ना नाही. पण कोरं कापड? ते कसं करायचं?”

“दुखवटा माहेरचा न्हवं, अक्का?”

“माहेरचाच पहिला.”

“मग पोरीपुरता मी आजच आणतो. बाकीच्यांचा तेराव्याला.”

आत्यानं यावर पुष्कळ विचार केला. असं कुणी केल्याचं तिला आठवत नव्हतं आणि करू नये असंही कुणी सांगितल्याचं आठवत नव्हतं. “आण,” ती म्हणाली. “पण घरी आणून पाटावर दे. वाटेत घालून बघायचं नाही.”

परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होती. मी आणि मामा दुपारीच कॅम्पात गेलो. पोहण्याचे, कसरतीचे, नाचाचे असे कपडे मिळायचं एकच दुकान होतं, अब्बासभाईंचं. ते आईला ओळखायचे. त्यांना माझ्या मापाचे कपडे काढायला सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “मम्मी नहीं आयी आज?” मामानं मान हलवली. अब्बासभाईंनी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि ते कपाटाकडे वळले. काउंटरवर एकेक लिओटार्ड पसरत गेले. काळा, निळा, मरून, जांभळा, हिरवा, लाल.

“घे,” मामा म्हणाला.

“तूच घे ना मामा. काहीही चालेल.”

“मी न्हाय. नदीवर शब्द दिलाय.”

“मग काळा घेऊ या.”

“काळा आवडला तुला?”

“काहीही चालेल म्हटलं ना.”

“मग न्हाय आवडला.” तो स्टुलावर बसला. “आपल्याला घाई न्हाय.”

घाई खरं तर होती. अब्बासभाईंची नमाजाला जायची वेळ होत आली होती. पण तेही नुसत्या घड्या नीट करत राहिले. मी काउंटरपाशी उभी. रंग समोर होते आणि माझा हात कुठल्याच रंगाकडे जात नव्हता. मला वाटलं, आता हा माणूस कंटाळेल, एक उचलेल, आणि आपण घरी जाऊ. मामा कंटाळला नाही. भुवया चोळत बसून राहिला. मग मध्येच, मी काही विचारलेलं नसताना, बोलायला लागला.

“माझ्यावर बी अशीच येळ आलती. ताई गेल्याचा निरोप आला तवा गिरणी चालू व्हती. दळण तसंच टाकून निघालो. सवाष्ण गेली की अखेरची साडी माहेरची लागती. स्वारगेटला उतरलो आन् समोरच्या दुकानात गेलो. आता त्या दुकानदाराला काय सांगू? तो इचारतो, काय कार्य हाय? म्हटलं, लगीन हाय.”

अब्बासभाईंचे हात थांबले.

“मग तो म्हणला, बहिणीचं का? मग हिरवी घ्या. हिरव्याच काढाया लागला. समद्या हिरव्या. मी म्हटलं, हिरवी नगं. आमच्या ताईला हिरवा रंग डोळ्यांसमोर चालत न्हाय.” तो किंचित हसला. “शाळंत आमचा गणवेश हिरवा. तिला एकच जोडी. रोज धुवायची, ओलीच घालायची. सात वर्सं घातला असंल तिनं. लग्नात चुडा तेवढा हिरवा चालवून घेतला, तोबी कुरकुरत. मी मरून मागितली. पाच-पंचवीस उघडाया लावल्या. ही नगं, तिचा काठ बारीक. ती नगं, तिचा पोत जाड. मलाच कळंना मी काय करतोय. घटकाभरात जळायची ती साडी. पर निवडली. घरी आलो तर तुझी आत्या म्हणली, सवाष्णीला हिरवी पाहिजे हो. मी म्हटलं, अक्का, नेसणार कोण?”

मी ती साडी बघितलीच नव्हती. हे मला तिथं, त्या काउंटरपाशी लक्षात आलं. आईला ठेवलं होतं तेव्हा मी पायाशी बसले होते आणि तिचे पायच बघत होते. दोन्ही अंगठे सुतानं एकत्र बांधले होते. कुणी काय नेसवलं, कुणी काय बोललं, मला काही कळलं नव्हतं.

“मरून होती?” मी विचारलं.

“मरूनच. काठ सोनेरी.”

मी काउंटरवरच्या कपड्यांकडे बघितलं. आणि मला काय हवंय ते मला माहीत आहे, वर्षभरापासून माहीत आहे, हेही कळलं.

मला हिरवा हवा होता. बाटलीसारखा गडद हिरवा, समोर पडला होता तोच. पहिल्यांदा आईनं विचारलं होतं तेव्हाही तोच हवा होता. आणि म्हणूनच मी ‘सांगते नंतर’ म्हणत होते. हिरवा म्हटलं की आई नाक मुरडणार, काही बोलणार नाही, पण बसमध्ये गप्प बसणार. मग मीच म्हणणार, बरं, मरून घेऊ. आणि मग मी चार दिवस फुगून बसणार. हे सगळं मला आधीच दिसत होतं, म्हणून आजचं उद्यावर ढकलत होते. आता नाक मुरडायला कुणी नव्हतं. तो हिरवा कपडा हातभर अंतरावर होता आणि माझा हात पुढे होत नव्हता, कारण तो उचलायची मोकळीक मला कशामुळे मिळाली होती ते मला ठाऊक होतं. मरून उचलला असता तर अजून थोडे दिवस आई माझ्यावर नाराज होऊ शकली असती. हिरवा उचलला की ती गेली.

इतके दिवस सगळं जग मला सांगत होतं की ती गेली. मला स्वतःला ते कुणी विचारलं नव्हतं.

“हिरवा,” मी म्हटलं.

मामानं मान वर केली. “ताईला...”

“माहीत आहे.”

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्या नव्हतं. “बांधा,” तो अब्बासभाईंना म्हणाला.

घरी आत्यानं पाट मांडून ठेवला होता. मला पूर्वेकडे तोंड करून बसवलं. मामानं पुडकं सोडलं आणि लिओटार्ड आत्याच्या हातात दिला. कोऱ्या कापडाच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावून मग ते द्यायचं, अशी रीत. आत्यानं तो कपडा असा धरला, तसा धरला, ताणून बघितला.

“अगं याला कोपरा कुठंय?”

मामानं हातात घेतला. त्यालाही सापडला नाही. चुलते पुढे आले. तिघं जण त्या वीतभर कपड्याला उलटंपालटं करत कोपरा शोधत होते. शेवटी आत्यानं गळ्याच्या पट्टीला आतल्या बाजूनं हळदकुंकवाचं बोट टेकवलं. “आतनं लावते. तुझ्या त्या विलायतच्या बाईला दिसायला नको,” ती म्हणाली. आणि तो कपडा तिनं घडी करून माझ्या खांद्यावर ठेवला, मोठ्या माणसाच्या खांद्यावर उपरणं ठेवावं तसा.

पप्पा दारात उभे होते. डोक्याचा गोटा, अंगात जुना सदरा. ते कपड्याकडे बघत होते.

“हिरवा घेतलास?” त्यांनी विचारलं.

“हो.”

मला वाटलं, त्यांना लागलं. आईचा रंग घ्यायचा सोडून पोरीनं नेमका तिला न आवडणारा आणला. मी म्हटलं, “बदलून आणू का पप्पा? अब्बासभाई देतात बदलून.”

“नको, नको.” ते आत येऊन माझ्यासमोर जमिनीवर बसले. “तिला माहीत होतं.”

“काय?”

“तू हिरवा म्हणणार म्हणून.” पप्पा एकेक शब्द तोलत बोलत होते. “मला सांगत होती. छत्री घेतली तर हिरवी, सायकल मागितली तर हिरवी. आणि परीक्षेचा रंग विचारला की सांगते नंतर. मी म्हटलं, कळलंय ना तुला, मग जा आणि घेऊन ये. तर म्हणाली, नाही. मी नाही आणणार. मला आवडत नाही म्हणून ती गिळून बसलीय. तिनं एकदा माझ्या तोंडावर म्हणू दे की आई, मला हिरवा हवा. मग मी स्वतः जाऊन आणते.” ते थांबले. “रोज संध्याकाळी घरी आली की मी विचारायचो, म्हणाली का? म्हणायची, अजून नाही.”

मला आधी काही ऐकूच आलं नसल्यासारखं झालं. मग आवरेना. मी रडले. पाटावर बसल्या बसल्या, तोंड उघडं टाकून, तीन घरं सोडून ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मी आईला हाका मारत होते, असं मला नंतर सांगितलं. पप्पांनी मला धरलं आणि तेही रडायला लागले. मामा बाहेर ओट्यावर जाऊन बसला. दारात शेजारणी जमल्या आणि या वेळी एकीनंही माझं डोकं छातीशी दाबलं नाही.

आत्यानं माझ्या खांद्यावरचा लिओटार्ड हळूच काढून घेतला. “भिजेल गं,” ती हुंदके देत म्हणाली. “सकाळी घालायचाय.”

सकाळी तिनंच मला अंबाडा घालून दिला, एवढा घट्ट की डोळे ओढले गेले. ते आधीच सुजले होते. पप्पांनी स्कूटरवरून सोडलं. शाळेच्या ऑफिसवरून जाताना दोघांनीही तिकडे बघितलं नाही. हॉलच्या दाराशी मिस पेरीन परीक्षेचे नंबर घेऊन उभ्या होत्या. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांची नजर माझ्या कपड्यावर गेली आणि त्या जरा बिचकल्या. आईचं आणि हिरव्याचं वैर त्यांनाही ठाऊक असणार.

“ग्रीन?” त्या हळूच म्हणाल्या. “हा कलर कसा घेतला डिकरा?”

“आईला विचारून घेतला,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्या पाठीवर नंबर लावला आणि दार उघडलं.